गरम तलावाच्या तळाशी

ते प्रकरण आठवले की आजही माझा श्वास जरा वेगाने चालू लागतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. पण तपासासाठी पाण्याखाली उतरलो तो आयुष्यात एकदाच.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. दुर्ग जिल्हा मध्य प्रदेशात होता. मी मूळचा भंडाऱ्याकडचा. राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मी नोकरीसोबत इकडेच राहिलो. आमचे ठाणे म्हणजे खुर्सीपारच्या बाजूला पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या. एकीत हवालात आणि मालखाना, दुसरीत माझे टेबल, मुंशीची पेटी आणि तक्रारदारांसाठी एक बाक. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे कामाला आली होती. रोजनाम्यात निम्म्या नोंदी हरवलेल्या नातेवाइकांच्या आणि उरलेल्या सायकलचोरीच्या असत.

त्या हिवाळ्यात कारखान्याच्या स्टोअरमधून तांबे नाहीसे होऊ लागले. विजेच्या कामासाठी आणलेल्या तांब्याच्या पट्ट्या आणि यंत्रांची पितळी बेअरिंगे कमी होत होती. गेटवर कडक पहारा होता. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ट्रकची झडती होई, मजुरांचे जेवणाचे डबेसुद्धा उघडून पाहत. गेटमधून एक तुकडाही बाहेर जात नव्हता, तरी रायपूरच्या भंगार बाजारात तोच माल दिसत होता.

संशय स्टोअरकीपरवर गेला. तोही आमच्याच मुलखाचा, तुमसरकडचा, बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. कारखान्याने त्याला निलंबित केले होते आणि मी त्याला रोज ठाण्यात बोलावत होतो. तो बाकावर हात जोडून बसे.

"साहेब, मी कावून चोरीन? माह्या हातात किल्ल्या आहेत म्हनून मीच चोर का जी?"

"मग माल जातो कुठून?"

"तेच तर मले समजून नाही राहिलं. रात्री झोप नाही लागत मले."

माझ्याकडे त्याच्याविरुद्ध किल्ल्यांखेरीज काही नव्हते. त्याचे नाव मात्र माझ्या कानावर एका वजनदार ठेकेदाराने घातले होते. कारखान्याच्या आवारातले भंगार उचलण्याचा ठेका त्याच्याकडे होता. तो आपणहून ठाण्यात आला, चहा प्याला आणि जाता जाता म्हणाला, "स्टोअरवाले को देखिए साहब, सीधा दिखता है." न विचारता नाव सांगणाऱ्या माणसाची मी मनात वेगळी नोंद ठेवतो. पण वरून अटकेसाठी दबाव होता आणि एका सोमवारी मी अटकेचे कागद तयार करायला मुंशीला सांगितलेही होते.

त्याच सोमवारी सकाळी एक बाई ठाण्यात आल्या. टाउनशिपच्या शाळेत शिकवणाऱ्या, वय पंचविशीच्या आसपास, केसांची वेणी अजून ओलसर. हेड कॉन्स्टेबलने "क्या हुआ बहनजी" म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "मैंने तालाब के नीचे ड्रम देखे हैं. लाइन से बाँध के रखे हैं." हेड कॉन्स्टेबल हसू दाबत माझ्याकडे पाहू लागला. माझ्या टेबलावरची नावाची पाटी वाचून बाई मराठीत आल्या.

"साहेब, तुमी तरी ऐकून घ्या. मी काल खाली उतरली होती. डोळे उघडे होते माझे."

"कुठे खाली?"

"गरम तलावात. रुआबांधा गावाच्या पलीकडे नाही का तो."

तो तलाव मला ठाऊक होता. यंत्रे थंड करून तापलेले पाणी एका भुयारी मोरीतून कुंपणाखालून बाहेर येई आणि त्या तलावात पडे. गावकरी त्याला 'तात पानी के तरिया' म्हणत. थंडीत सकाळी त्यावर वाफ दिसे. रविवारी रशियन तज्ज्ञ आपल्या बायकांसह तिथे पोहायला जात. त्यांच्यातल्या एका इंजिनिअरने पाण्याखाली श्वास घ्यायचे यंत्र आणले होते. पाठीवर हवेच्या नळकांड्या, तोंडात रबरी नळी आणि डोळ्यांवर काच. त्याच्या पत्नीची आणि या बाईंची मैत्री होती. बाई पवनीच्या, वैनगंगेच्या काठावर वाढलेल्या. त्यांचे पोहणे पाहून इंजिनिअरने आदल्या दिवशी ते यंत्र त्यांच्या पाठीला बांधले होते.

"भीती नाही वाटली?"

"पहिले वाटली. मग काय सांगू साहेब, वर यावंसंच नाही वाटलं. मासे असे तोंडासमोर येऊन पाहतात. म्हनून तर मी फिरत फिरत मोरीच्या तोंडाशी गेली. तिथं ते ड्रम दिसले."

बोलताना त्यांचे डोळे चमकत होते. खोटी खबर देणारा माणूस कामापुरते बोलतो, मासे सांगत बसत नाही. मी मुंशीला कागद बाजूला ठेवायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तलावावर गेलो. बाई, तो रशियन इंजिनिअर, त्याचा दुभाषी, हेड कॉन्स्टेबल आणि पंच म्हणून रुआबांध्याचे दोन शेतकरी. इंजिनिअर स्वतः उतरायला तयार होता, पण परदेशी पाहुण्याला साक्षीदार करून कोर्टात उभे करणे अवघड होते. बाईंना पुन्हा पाठवणे मला पटेना. मीही वैनगंगेचाच पोहणारा. मी वर्दी काढून घडी केली आणि हेड कॉन्स्टेबलच्या हातात दिली.

"साहब, आप मत जाइए. हम रिपोर्ट में क्या लिखेंगे?"

"लिहा, ठाणेदार बुडाले नाहीत."

इंजिनिअरने माझ्या पाठीवर ते ओझे चढवले, पट्टे आवळले आणि दुभाष्यामार्फत एकच नियम सांगितला: श्वास रोखायचा नाही. वर येतानाही सावकाश, श्वास सोडत यायचे. काठाजवळच्या पाण्यात त्याने माझ्याकडून सराव करून घेतला आणि मग हात धरून मला खोलात नेले.

पाणी अंगाला कोमट होते, आंघोळीला काढलेल्या पाण्यासारखे. पहिले काही श्वास मी घाबरून घेतले. कानात नुसता बुडबुड्यांचा आवाज. मग तसा श्वास घेणे सवयीचे झाले आणि मी मान वर करून पाहिले. वरून ऊन तिरपे खाली येत होते, हिरवट सोनेरी. छोट्या माशांचा एक थवा माझ्या बोटांभोवती फिरून गेला. वैनगंगेत मी लहानपणापासून बुड्या मारल्या होत्या, पण पाण्यात थांबून पाहायला कधी मिळाले नव्हते. वय चाळिशीकडे झुकलेले, घरी दोन मुली, ठाण्यात शंभर भानगडी. आणि मी तिथे आनंदाने हात हलवत होतो. आणखी खाली गेलो तसे एकदम पायांना गार लागले. वरचे पाणी कोमट आणि तळाशी थंड, जणू कोणी मध्ये चादर अंथरली आहे.

इंजिनिअरने बोट दाखवले. मोरीच्या तोंडावर लोखंडी जाळी होती आणि तिचे दोन गज कापलेले होते. खाली ग्रीसचे लहान ड्रम तारेने एका रांगेत बांधलेले. मी एकाचे बूच फिरवले, आत बोटे घातली आणि तांब्याच्या पट्टीची धार हाताला लागली. त्या क्षणी मी आनंदाने ओरडलो असेन, कारण तोंडात पाणी शिरले आणि इंजिनिअरने मला दंडाला धरून हळूहळू वर आणले.

काठावर बाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या.

"दिसले?"

"दिसले," मी म्हणालो. "आणि मासेसुद्धा."

पंचनाम्याची मात्र पंचाईत झाली. दोन्ही पंचांनी काठावरून फक्त बुडबुडे पाहिले होते. त्यातला म्हातारा म्हणाला, "हमन तो कुछु देखेन नइ साहेब, दसखत काबर करबो?" जे पाहिले नाही त्यावर सही कशाला करायची, हे त्याचे म्हणणे बरोबर होते. शिवाय ड्रम बाहेर काढले असते तर माल मिळाला असता, चोर मिळाला नसता. मी ड्रम होते तिथेच राहू दिले आणि सगळ्यांना गप्प राहायची ताकीद दिली.

आता माल जातो कसा ते उमगले होते. आतून कोणीतरी ड्रममध्ये तांबे आणि हवा अशा बेताने भरत होते की ड्रम ना तरंगावा, ना बुडावा. मोरीतला प्रवाह तो ढकलत बाहेर आणी. बाहेर कोणी तो पकडून, बूच उघडून पाणी भरे आणि तळाशी बांधून ठेवी. प्रश्न एवढाच होता की तो पाण्याबाहेर काढतो कोण? त्या तलावावर रोज उघडपणे येणारी माणसे एकच होती, शेवाळ काढणारी टोळी. शेवाळाचा ठेका कोणाचा ते विचारले, तेव्हा ठाण्यात चहा पिऊन गेलेल्या त्याच ठेकेदाराचे नाव निघाले.

मी आणि हेड कॉन्स्टेबल धोतर-बंडीत, डोक्याला पंचा गुंडाळून, गरी टाकून काठावर बसू लागलो. हेड कॉन्स्टेबलला पहिल्याच दिवशी एक मोठा मासा लागला आणि तो चोर विसरून माशाच्या मागे लागला. टोळी लाकडी तराफ्यावरून शेवाळ ओढायची आणि बैलगाडीत भरायची. मुकादम तराफ्यावर उभा राहून हुकूम सोडायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, भर दुपारी, तराफा मोरीजवळ बराच वेळ थांबला. काठाला लागला तेव्हा त्याच्या खालून एक दोर ताणलेला दिसला. शेवाळाच्या ढिगासोबत काहीतरी जड गाडीत चढले. बैलांनी दोन पावले टाकली आणि आम्ही गाडी अडवली. पंचांना गावातून बोलावून शेवाळ उपसले. खाली ड्रम निघाला. रुआबांध्याच्या पंचांनी या वेळी डोळ्यांनी पाहिले आणि अंगठे उमटवले.

मुकादम शांत होता. मजबूत छातीचा, पन्नाशीचा, शिवनाथ नदीच्या काठचा माणूस. ठाण्यात त्याने एकच वाक्य धरून ठेवले. "शेवाल में फँसा मिला साहब. जमा करने ला रहे थे. हम तो पानी में उतरते ही नहीं, तैरना नहीं आता." दरडावून झाले, समजावून झाले. ठेकेदाराचे नाव घेतले की तो भिंतीकडे पाही. मारहाणीवर माझा कधीच विश्वास नव्हता. मार खाऊन माणूस आपल्याला हवे ते बोलतो, खरे ते नाही.

संध्याकाळ होत आली. मी चहा मागवला, एक कप त्याच्यापुढे ठेवला आणि तपास सोडून दिल्यासारखा हेड कॉन्स्टेबलला माझ्या बुडीची गोष्ट सांगू लागलो. आव आणायची गरजच नव्हती. त्या पाण्याविषयी बोलायला लागलो की मी आपोआप रंगत असे. ऊन कसे तिरपे उतरते, मासे कसे बोटांना टोचतात. मुकादम कप हातात धरून ऐकत होता. मग मी मुद्दाम म्हणालो, "और नीचे तो पूछो मत. जितना नीचे जाओ उतना पानी गरम. तले में तो पाँव जलते हैं."

मुकादम हसला. "नहीं साहब, उल्टा है. ऊपर गरम रहता है. नीचे तो ऐसा ठंडा कि पिंडली अकड़ जाती है. दम तो वहीं टूटता है."

 हेड कॉन्स्टेबलने माझ्याकडे पाहिले. मुकादमाने कप खाली ठेवला. आपण काय बोललो ते त्याला कळले होते.

"कितनी देर दम साध लेते हो?" मी विचारले.

त्याने छातीवर हात ठेवला. "बहुत देर, साहब. हमारे बाप तो और भी देर." आणि मग, जणू बांध फुटावा तसा, तो सगळे सांगू लागला. जाळीचे गज बुडी मारून कसे कापले, आवारात भंगार उचलणारी ठेकेदाराची माणसे ड्रम कसे भरत, गाडी कोणत्या गोदामात रिकामी होई. त्या गोदामावर छापा पडला आणि मालासकट ठेकेदारही सापडला. स्टोअरकीपरची किल्ली चोरांनी कधी वापरलीच नव्हती. स्टोअरच्या मागच्या भिंतीचा पत्रा ते सरकवत होते.

स्टोअरकीपरला मी स्वतः जाऊन सांगितले. तो क्वार्टरच्या अंगणात बसला होता. ऐकून तो उठला. आत गेला, बायकोला म्हणाला, "अवं, स्वयंपाक कर. आज मले भूक लागून राहिली." मी पाणी पिऊन निघालो.

दुर्गच्या कोर्टात खटला चालला तेव्हा बाईंची साक्ष झाली. ठेकेदाराच्या वकिलाने आवाज चढवून विचारले, "एक अध्यापिका, परदेशी लोगों के साथ, तालाब के तल में आखिर करने क्या गई थीं?" बाईंनी पदर सावरला आणि सरळ सांगितले, "घूमने गई थी. इतवार था." वकिलाने कागद आवरले. साक्ष संपली तशी मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि, कागदावर न येणाऱ्या आवाजात, विचारले, "नीचे दिखता कैसा है?" बाई सांगू लागल्या. सारे कोर्ट ऐकत होते, पट्टेवालासुद्धा दारातून आत सरकला होता. माझे लक्ष आरोपीच्या पिंजऱ्याकडे गेले. मुकादम कठड्याला धरून उभा होता आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होता.

भीती दाखवून बोलते करणे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. पण भ्यालेला माणूस तोंड मिटतो, हे मला त्या मुकादमाने शिकवले. जिथे त्याचा जीव रमतो त्या जागेची गोष्ट निघाली की त्याला गप्प बसवत नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत कोणीही संशयित समोर आला की मी आधी त्याला गुन्ह्याचे विचारत नसे. चहा मागवत असे आणि विचारत असे, "तुम्हाला काय चांगलं येतं?"