चार दिवे म्हणजे पंधरा

मला एकदा कुरवंड्यात हेर म्हणून धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर धरणाऱ्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मला धरलं असतं.

तेव्हा मी पुण्यातल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरच्या खात्यात होतो. कॉम्प्युटर म्हणजे त्या काळी एक अख्खी खोली. तिला गारवा लागायचा म्हणून वातानुकूलन होतं आणि शेजारच्या खोलीत आम्ही माणसं घामाघूम होऊन जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडत बसायचो. त्या भोकांवरून यंत्राला हिशेब कळायचा. दिवसभर असली चाकरी केल्यावर घरी येऊन माणसाने सुटकेचा निःश्वास टाकावा. मला मात्र वाटायचं, आपल्या घरीही असाच एक हवा!

मग मी जुन्या बाजारातून टेलिफोनच्या भंगारातले रिले आणले. (रिले म्हणजे वीज दिली की ‘टक्’ करून चिकटणारा आणि वीज काढली की ‘टक्’ करून सुटणारा लोखंडाचा चिमुकला प्राणी.) असे पन्नासएक प्राणी, दारावरच्या बेलची आठ बटणं, टॉर्चचे चार दिवे आणि एक स्कूटरची बॅटरी, असं सगळं मी एका पत्र्याच्या ट्रंकेत जोडलं. ट्रंक माझ्या बायकोची, शालिनीची. तिच्या आईने लग्नात दिलेली. तिच्या साड्या तेव्हापासून उशीच्या अभ्र्यात राहायला गेल्या.

चौदा महिन्यांनी एका शुक्रवारी यंत्र चाललं. मी आनंदाने ओरडलो, “शालू, बेरीज झाली! बेरीज झाली!”

शालिनी कणकेचे हात घेऊन बाहेर आली. “कितीपर्यंत करतं?”

“पंधरापर्यंत.”

“पंधरापर्यंत मी बोटांवर करते,” ती म्हणाली, “आणि मला बोटं दहाच आहेत.”

दुसऱ्याच दिवशी आम्ही कुरवंड्याला तिच्या मावशीकडे जाणार होतो. लग्नाला दोन वर्षं झाली तरी मी तिला कुठे नेलं नव्हतं. सुट्टी मिळाली की रिले, रिले संपले की वायरी! शेवटी तिने स्वतःच पत्र टाकून दिवस ठरवला आणि मला एकच अट घातली : “हे टकटकं बरोबर येणार नाही.”

“छे, छे!” मी म्हणालो.

पण घरात ट्रंक एकच. आणि पहिल्यांदा चाललेलं यंत्र उघडून रिकामं करणं म्हणजे बाळाला बारशाच्या दिवशी घराबाहेर काढण्यासारखं! मी यंत्रावर एक फळी टाकली, फळीवर चादर, चादरीवर शालिनीच्या घडीच्या साड्या. एका कडेला, फळीलगत, मावशीसाठी घेतलेलं नवं निळं पातळ.

“एवढी जड कशी हो ट्रंक?” स्टेशनवर तिने विचारलं.

“पत्र्याची आहे ना,” मी म्हणालो. खोटं बोलायची मला सवय नाही. बोललो की कान लाल होतात. थंडीचे दिवस होते, म्हणून खपून गेलं.

लोणावळ्याला उतरलो, चिक्की घेतली, टांगा केला. टांगेवाल्याने ट्रंक एकदा उचलून पाहिली आणि चढ लागताच आम्हाला उतरवलं. “म्होरं घोडं जात न्हाई,” तो म्हणाला. घोडं अगदी ताजंतवानं दिसत होतं. पुढचा चढ मी ट्रंक डोक्यावर घेऊन चढलो. वाटेत भेटेल त्याला “कुरवंडे कुठे, कुरवंडे कुठे” विचारत होतो, कारण शालिनी तिथे शेवटची आली ती नऊ वर्षांची असताना. नुकतीच लढाई थांबली होती. लोणावळ्यातल्या खिडक्यांच्या काचांवर चिकटवलेले कागद अजून निघाले नव्हते, आणि अनोळखी माणसांवर नजर ठेवायला रेडिओने सांगून ठेवलं होतं. अशा दिवसांत पाटलोण घातलेला एक घामेजलेला माणूस डोक्यावर वजनदार ट्रंक घेऊन डोंगराकडे चाललेला दिसला, तर लोकांनी काय समजायचं?

पोचलो तर मावशीच्या दाराला कुलूप!

शेजारच्या घरातून गंगूबाई नावाच्या एक बाई बाहेर आल्या. “आवडाबाई मळवलीला गेल्यात, ल्येकीकडं. सांजच्याला येत्याल. तुमी कोन?”

“मी त्यांची भाची. पत्र टाकलं होतं,” शालिनी म्हणाली.

“पत्र तर काय आलं न्हाई.” गंगूबाईंनी आम्हाला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, आणि देताना आम्हाला नखशिखान्त पाहून घेतलं.

आम्ही ओट्यावर टेकलो. समोर नागफणीचा सुळका, खळ्यात भाताची रास, कोवळं ऊन. शालिनी कित्येक महिन्यांनी हसली. “किती शांत आहे नाही हितं?” ती म्हणाली.

टक.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी नागफणीकडे पाहिलं.

टक. टक-टक. टक-टक-टक-टक!

“ट्रंक उघडा,” शालिनी म्हणाली.

उघडली. वाटेत बॅटरी कलंडली होती आणि तिच्यातलं ॲसिड फळीच्या कडेने वर झिरपलं होतं. मावशीचं निळं पातळ शालिनीने उलगडून उन्हात धरलं. पातळातून नागफणी दिसत होती. एक नव्हे, अकरा ठिकाणांहून!

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पातळाची नीट घडी घातली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. अशा वेळी शहाणा नवरा काय करील? बायकोची माफी मागेल. मी यंत्र दुरुस्त करायला घेतलं. (घाईघाईने! एक रिले अडकून आपोआप वाजत होता, तो तसाच ठेवला असता तर जळला असता.) मी यंत्र ओट्यावर काढलं, जोडणीचा कागद पसरून त्याच्या चार कोपऱ्यांवर धोंडे ठेवले, खिशातली कार्डं बाजूला मांडली आणि सुटलेली एक लांब वायर गुंडाळायला जागा नव्हती म्हणून मावशीच्या आंब्यावर टाकली.

गंगूबाई लाकडाच्या मोळीआडून हे सगळं पाहत होत्या.

पाव तासात अंगण माणसांनी भरलं. सगळ्यांच्या पुढे पोलीसपाटील होते. गाव त्यांना आबा म्हणत होतं. पांढऱ्या मिशा, हातात काठी आणि काखेत एक वही.

“ह्ये टकटक कुनाला कळवताय?” आबांनी शांतपणे विचारलं.

“कोणालाच नाही. ते आपोआप वाजतंय.”

“आन ही तार झाडावर?”

“जागा नव्हती म्हणून.”

“आन ह्यो नकाशा?” त्यांनी काठी जोडणीच्या कागदावर टेकवली. मागून कोणीतरी म्हणालं, “आबा, ह्ये लोनावळ्याचं ठेसन दिसतंय. ह्ये बगा, रूळ!”

मग आबांनी कार्ड उचललं. ऑफिसातली वाया गेलेली कार्डं मी घरी आणायचो, शालिनी त्यांच्या पाठीवर वाण्याची यादी लिहायची. आबांनी कार्ड उजेडाला धरलं. “ही भोकं कशापायी?”

“त्या भोकांत अक्षरं असतात,” मी म्हणालो. खरं बोलण्याचेही तोटे असतात.

आबांनी कार्ड उलटलं आणि मोठ्याने वाचलं. “तूरडाळ दोन. हिंग. साबण नको, आहे.” ते थांबले. सगळं अंगण थांबलं. “ह्यातला साबण म्हंजी कोन?”

मला आता खरोखर घाम फुटला. हे लोक लोणावळ्याला फौजदाराकडे नेणार, फौजदार कारखान्यात फोन करणार, कारखाना विचारणार की आमची कार्डं तुमच्या घरी कशी! नोकरीही गेली आणि बायकोही. मी हात जोडले. “आबा, हे बेरजेचं यंत्र आहे. विचारा तुम्ही कुठलीही बेरीज. पंधराच्या आत.”

आबा खाली बसले. “दोन आन दोन.”

मी बटणं दाबली. टक-टक-टक. चारांपैकी एक दिवा लागला.

“यक,” आबा म्हणाले.

“नाही, चार! या जागेचा दिवा म्हणजे चार.”

“बरं. यक आन यक?”

टक-टक. पुन्हा एकच दिवा.

“दोन आन दोन यक. यक आन यकबी यकच.”

“तो शेजारचा दिवा आहे, आबा. तो म्हणजे दोन!”

“आठ आन सात?”

टक-टक-टक-टक! चारही दिवे झळकले. पोरंबाळं ओरडली. मीही ओरडलो, “पंधरा! बरोबर पंधरा!”

आबांनी दिवे मोजले. बोट लावून मोजले. “ह्ये चार हायेत.”

“चार दिवे म्हणजे पंधरा.”

“आन यक दिवा म्हंजी चार.”

“हो!”

आबा मागे वळून लोकांना म्हणाले, “ही हेराचीच भाषा हाय.”

“नऊ आन नऊ विचारा,” गंगूबाई म्हणाल्या. मी नको म्हणत होतो, पण आबांनी स्वतःच मला बटणं दाबायला लावली. टक. एक दिवा. दोनचा.

“नऊ आन नऊ?”

“दोन,” मी पुटपुटलो. “पंधराच्या पुढे त्याला जमत नाही.”

“पंधराच्या फुडं माझ्या म्हशीलाबी जमत न्हाई,” आबा म्हणाले, “पर ती दूध देती.” आणि उठले. “चला, लोनावळ्याला.”

इतका वेळ पाठ करून बसलेली शालिनी तेव्हा उठली. पुण्यात ती शुद्ध बोलायची, इतकं की मला लाज वाटायची. पण संतापाने तिचं सगळं पुणं गळून पडलं. “कुटं न्येताय त्येस्नी? आदी माजं ऐका! आवडामावशीच्या परसात चिच्चा पाडताना पडले, ह्ये बगा कपाळाला खोक! तुमीच मला पाठीवर घिऊन वैदाकडं गेलता, आबा!”

आबांनी तिच्या कपाळाकडे पाहिलं. त्यांच्या मिशा हलल्या. “आगं, तू शाली? लय मोठी झालीस गं!” गंगूबाईंनी धावत येऊन तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. अंगणातल्या निम्म्या बाया एकदम तिच्या मावश्या झाल्या. मी सुटकेने हसलो.

“बाई आपली हाय,” आबा म्हणाले. “गडी मातुर परका हाय.”

मी हसायचा थांबलो.

“शाले, तूच सांग. ह्यो हेर हाय का न्हाई?”

शालिनीने माझ्याकडे पाहिलं. मग त्या निळ्या पातळाकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. दोन वर्षं संसार केलेल्या बाईने ‘नाही’ म्हणायला किती वेळ घ्यावा? तिने विचार केला!

“आबा,” ती म्हणाली, “ह्या मानसानं आज लोनावळ्याच्या ठेसनावर तिकीट म्हनून घराची किल्ली दिली आन तिकिटं खिशात घालून चालाय लागला. ह्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. दिवाळीला लुगडं आनलं, तर ‘तुला सांगायचं न्हाई’ म्हनत म्हनत रंग सांगितला. आज जलमात पयल्यांदा काय तरी लपवून आनलं, तर काय आनलं? टकटक वाजनारं! मला सांगा, आसला हेर कुटला देस ठिवील?”

अंगणातले सगळे माझ्याकडे पाहत होते. मी शक्य तितका निर्दोष चेहरा केला. बहुधा तो फारच जमला, कारण आधी गंगूबाई हसल्या, मग आबा, मग सगळं कुरवंडे हसलं. शेवटी शालिनीलाही हसू आवरेना, आणि तिला हसताना पाहून मीसुद्धा. दुपारी गंगूबाईंकडे भाकरी, कालवण आणि ठेचा झाला. मी वाढायला मदत करू लागलो तर “ऱ्हाऊ द्या पाव्हनं, सांडाल” म्हणून मला बसवलं.

संध्याकाळी मावशी मळवलीहून परतल्या, तेव्हा त्यांच्या ओट्यावर तीस-चाळीस माणसं “सात आन यक! सात आन यक!” म्हणून गलका करत होती. त्यांना वाटलं, आपल्या घरी कोणीतरी गेलं. भाची ओळखल्यावर त्यांनी तिला पोटाशी धरलं. पातळ दाखवल्यावर म्हणाल्या, “आसू दे, वाऱ्याला बरं.” मग मला विचारून विचारून पोटभर खायला घातलं आणि अधूनमधून शालिनीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तो हात बराच सांत्वनाचा वाटला.

सकाळी निघताना आबा आले. बातमी लोणावळ्यापर्यंत गेलीच होती, तेव्हा कागद करणं भाग होतं. त्यांनी वहीतलं पान पुढे केलं, मी न वाचता सही केली. शालिनीने मात्र सही करण्याआधी वाचलं. फौजदाराकडे द्यायला आबांनी पान फाडून तिच्याच हाती दिलं, आणि मग उतार संपेपर्यंत ती मला थांबून थांबून वाचून दाखवत होती :

“सदर यंत्र समक्ष तपासले. त्यापासून कोणास अपाय होईल असे दिसत नाही. उपयोग होईल असेही दिसत नाही. सोबतचा इसमही तपासला. शेरा वरीलप्रमाणे.”

खाली साक्षीदार म्हणून शालिनीची सही होती. आणि ‘मजकूर कबूल’ म्हणून माझी.