मूषकाची मोकळीक

उस्ताद बयूमीला आयुष्यात एकच गोष्ट ऐकायची होती. इजिप्तमधल्या तंता शहरातल्या एखाद्या पोराने किंवा पोरीने भर वर्गात 'माऊस' न म्हणता 'मूषक' म्हणावं, एवढंच. औद्योगिक शाळेत कॉम्प्युटर शिकवता शिकवता त्याचे केस पिकले, पण हे सुख काही कानी पडलं नाही. तो फळ्यावर शुद्ध, जुन्या वळणाच्या अरबीत 'कळफलक' लिहायचा, मुलं वहीत 'कीबोर्ड' उतरवून घ्यायची, आणि दोन्ही पक्ष एकमेकांची कीव करायचे.

घरीही तीच तऱ्हा. बायको इन्शिराह त्याला ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला सांगायची, "आमच्याकडे इंटरनेट बंद पडलं तर चालतं गं, पण त्याला इंटरनेट म्हटलेलं चालत नाही. आंतरजाल म्हणेपर्यंत चुलीवरची मोलोखियाची भाजी उतू जाते."

शेवटी बयूमीने पुस्तकच लिहिलं. कॉम्प्युटर आणि त्याचं जाळं कसं चालतं, अथपासून इतिपर्यंत, सगळं अरबीत. मुलं इंग्रजीच्या भिंतीवर डोकं आपटून परत फिरतात, हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलं होतं, आणि त्याचा त्याला मनापासून राग होता. म्हणून त्याने पुस्तक मुक्त परवान्यावर सोडलं. कोणीही छापा, बदला, विकाही. अटी दोनच: लेखकाचं नाव ठेवा, आणि परवान्याचं पान जसंच्या तसं पुढे न्या, म्हणजे पुढच्यालाही हीच मोकळीक मिळेल. उदार माणूस होता तो. फक्त त्या उदारपणाचा फायदा कोणी खरंच घेईल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

पण छापायचं कशाच्या जिवावर? त्याने फेसबुकवर मदतीचं आवाहन केलं. सगळा इजिप्त गहिवरला. 'देव तुमच्या हातांना बळ देवो,' 'देव तुमच्या आईबापांवर कृपा करो,' गुलाबाची फुलं, लाल बदाम. एक गिनी कोणी दिली नाही.

पैसे दिले ते हाजी शिनावीने. शिनावी म्हणजे मिठाईवाला. आमच्या तंतात मिठाईवाल्याचा शब्द राज्यपालाच्या वर. त्याची आई नुकतीच वारली होती आणि तिच्या नावाने न आटणारं पुण्य कशात गुंतवावं, या विवंचनेत तो होता. विहीर खणून झाली होती, मशिदीला पंखे देऊन झाले होते.

"पुस्तक धर्माचं आहे ना?" हाजीने विचारलं.

"ज्ञानाचं आहे, हाजी."

हाजीने हस्तलिखित मध्येच उघडलं. "हे काय, मूषक? उंदीर पाळायचं ज्ञान आहे होय रे?"

बयूमीने समजावलं. हाजीला कळलं नाही, पण आपल्याला कळत नाही ते थोर असणार, अशा समजुतीने तो राजी झाला. पहिल्या पानावर बिस्मिल्लाह, मग एक आयत, मग अर्पण. आता आईचं नाव असं चारचौघांत कसं छापायचं? आमच्याकडे लाज वाटते. म्हणून छापलं, 'हाजी शिनावी यांच्या मातोश्रींसाठी, हाजी शिनावी यांजकडून, शिनावी मिठाईवाले.' आईच्या पुण्यावर तीनदा लेकाचं नाव आलं. खाली ठळक अक्षरांत: 'अल्लाहसाठी वक्फ. विकू नये.'

"हाजी, पण परवान्यात विकायची मोकळीक आहे," बयूमी चाचरत म्हणाला.

"वक्फ विकतोस? लाज नाही वाटत?"

बयूमीने मान तुकवली. पुस्तकाचा दुसरा भागही छापून घ्यायचा होता ना. त्याने परवान्याचं पान मागे, आपल्या नावाच्या पानाला लागून ठेवलं आणि तत्त्व राखल्याचं समाधान मानलं.

संत सय्यद बदवींच्या मौलिदच्या जत्रेत मिठाईच्या प्रत्येक डब्यासोबत एक पुस्तक फुकट वाटलं गेलं. लोकांनी ते घेतलं, उघडलं, 'संचयिका', 'आंतरजाल', 'प्रतिलिपी' वाचलं आणि मिटलं. काही दिवसांनी बयूमीने चौकात भाजलेले हरभरे घेतले, तर पुडीवर त्याचाच तिसरा अध्याय! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अरे, हे पुस्तक आहे! यात खारे हरभरे बांधतोस?"

हरभरेवाला उलट त्याच्यावरच चिडला. "उस्ताद, आम्ही काय अधर्मी वाटलो?" त्याने वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे बिस्मिल्लाहची सगळी पहिली पानं फाडून, नीट रचून, स्वच्छ रुमालाने झाकून ठेवली होती. त्याने एक काढलं, ओठांना लावलं, कपाळाला लावलं आणि परत ठेवलं. "देवाचं नाव कधी पायदळी येऊ दिलेलं नाही. बाकीच्या पानांवर उंदरांचंच काहीतरी आहे."

बयूमी हरभरे न खाता घरी आला. पुडी मात्र त्याने खिशात जपून ठेवली.

आणि मग एका दुपारी हाजी शिनावी लालबुंद होऊन त्याच्या दारात उभा राहिला. हातात एक पातळसं पुस्तक. "आईचं पुण्य विकतोय! तो शिकवणीवाला शेहाता! अर्पणाचं पानसुद्धा उडवलंय मेल्याने!"

पुस्तक बयूमीचंच होतं. वर नावही बयूमीचंच. पण आत? मूषकाचा माऊस झाला होता, संचयिकेचा फोल्डर. वाक्यं अशी, की बसच्या थांब्यावर दोन पोरं बोलतायत. पान उलटावं तशा बयूमीच्या नाकाला मिरच्या झोंबत गेल्या. फक्त परवान्याचं पान जसंच्या तसं होतं. आणि कहर म्हणजे सगळ्या शिकवण्यांतून हे पुस्तक धडाधड विकलं जात होतं.

"त्याला खेच कोर्टात," हाजी म्हणाला. "चोर आहे म्हणून सांग. नाहीतर दुसरा भाग विसर."

दोघे शेहाताच्या शिकवणीत धडकले. खाली झेरॉक्सचं दुकान, वर वर्ग, आणि वर्गात बाकाला बाक लावून कोंबलेली मुलं. शेहाता उठून अदबीने पुढे आला. "या उस्ताद! चहा सांगू?"

"चहा राहू दे. माझ्या भाषेचा खिमा केलास तू!"

"केला खरा. पण बदलायची मोकळीक तुम्हीच दिलीत ना? विकायचीही. तुमचं नाव ठेवलंय, परवान्याच्या पानाला बोट लावलेलं नाही. मी चोर असेन तर सांगा, या मुलांसमोर सांगा."

सगळा वर्ग बयूमीकडे पाहू लागला. हाजी कोपराने ढोसत होता. एक शब्द, 'चोर' म्हटलं की दुसरा भाग छापून मिळणार होता. तो शब्द बयूमीच्या जिभेच्या टोकावर आला होता, आणि म्हणावासा फार वाटत होता. पण माणूस हट्टी असला तरी खोटा नव्हता.

"चोर नाही," तो पडेल आवाजात म्हणाला. "त्याला हक्क आहे."

"मग बस आता मूषक पाळत!" हाजी कडाडला.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची रिहाब नावाची मुलगी उभी राहिली. "उस्ताद, हे पुस्तक तुमचं? सगळं समजलं हो. फक्त हे एक पान समजत नाही." तिने परवान्याचं पान दाखवलं. "यात नक्कल केली तर तुरुंग, असंच लिहिलंय ना? म्हणून आम्ही प्रत्येकाने विकत घेतलं. माझ्या बहिणीकडे पैसे नव्हते. ती रोज हाताने उतरवतेय, तेही घाबरत घाबरत."

बयूमीने पान हातात घेतलं. स्वतःचंच वाक्य त्याने वाचलं: 'प्रस्तुत ग्रंथाचे प्रतिलिपीकरण, रूपांतरण व विक्रयण सर्वांस अनिर्बंध अनुज्ञेय असे.' हे वाक्य लिहून त्या दिवशी तो स्वतःवरच खूश झाला होता.

"अगं, उलट लिहिलंय! प्रतिलिपीकरण करा म्हटलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे... प्रतिरूपनिर्मिती."

"म्हणजे?"

शेहाता छताकडे बघत उभा होता. त्याला सगळं ठाऊक होतं, पण आपल्या धंद्यावर पाणी पडेल असं कोण बोलतो? बयूमीने वर्गाकडे पाहिलं. त्या हाताने उतरवणाऱ्या पोरीच्या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी आतून वाटली. त्याने डोळे मिटले आणि जन्मात न उच्चारलेला शब्द उच्चारला.

"झेरॉक्स! झेरॉक्स काढा रे! फुकट वाटा! परवानगी आहे!"

भराभर बाकं सरकली. सगळा वर्ग जिन्यावरून खाली धावला. शेहाताचा चेहरा उतरला. हाजी मात्र खुलला. "म्हणजे आता फुकट? वाहवा, झालं की पुन्हा वक्फ! दुसऱ्या भागाचे पैसे माझे, बयूमी. फक्त लिहायला शेहाताला बसवू, त्याचं पोरांना समजतं. तू सांग, तो लिहील."

बयूमी काही म्हणणार, इतक्यात जिन्यातून रिहाबची हाक आली. "उस्ताद, तुमच्या नावाच्या पानाची पण झेरॉक्स काढायची का? नाही काढली तर एका पानाचे पैसे वाचतील!"

"काढ गं बाई!" कठड्यावरून वाकून बयूमी ओरडला. "तेवढं एकच पान माझं उरलंय!"