आभाळातल्या पेटीचा राखणदार

आमच्या मामाएवढा बोलका माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही. झाला असेल तर त्याचे भाचे माझ्यासारखेच मागच्या दारानं पळत असतील. मामा इंझोरीच्या शाळेत विज्ञान शिकवायचा, पण शिकवणं शाळेत आटोपेल तर तो मामा कसला! कामरगावच्या एसटीत शेजारच्या म्हातारीला म्हणे, "आजी, आता या घडीले तुमच्या अंगातून अवकाशातले किरण आरपार चालले, मालूम हाय का?" म्हातारी पदर सावरून दुसऱ्या बाकावर जाऊन बसे.

जेवायला बसला की भाकरीचा तुकडा हातातच राही. अवकाशातले किरण ताऱ्यांच्या दरम्यानच्या वायूवर आदळतात, त्यातून गॅमा किरण निघतात, आकाशगंगेचा सगळा पट्टा त्यांनी चमकतो. पण आपली हवा ते गिळून टाकते, म्हणून हैदराबादचे शास्त्रज्ञ फुग्याला यंत्रांची पेटी बांधून वर सोडतात. हे सगळं सांगून तो शेवटी यायचा आपल्या लाडक्या प्रश्नावर. "हे किरण निस्त्या वायूतूनच येतात, का तिथं न दिसनारं आनखी काई हाय? मले एकडाव त्याईलेच इचाराचं हाय!" मामी म्हणे, "इचारजा, पन आंधी जेवून घ्या."

आणि एका हिवाळ्यात तशी पेटी खरंच जऊळक्याच्या एका तुरीच्या वावरात उतरली! मामा रजा टाकून धावला, मी मागोमाग. पाहतो तर लोक देव उतरला म्हणून शेंदराची वाटी घेऊन हजर. मामा ओरडला, "अबे, नारळ बांधावर फोडा, पन पेटीले शेंदूर नोका लावू! आतलं यंत्र बिघडून जाईन!" बायांना गोधडीसाठी पेटी अलगद उतरवणारी वरची कापडी छत्री हवी होती, त्यांनाही त्यानं हात जोडले. दोन दिवस तिथंच बसला. आत काय आहे ते पाहायला जीव नुसता तुटत होता त्याचा, पण झाकणाला बोट लावलं नाही.

मग हैदराबादहून जीप आली. मोठे साहेब हिंदीत म्हणाले, "मास्टरजी, आप न होते तो सब मिट्टी था." आणि काय सांगू, आमच्या मामाची वाचाच बसली! कसाबसा म्हणाला, "पानी घेता?" साहेब पाणी प्याले, पेटी चढवली, जीप गेली. परतताना आम्ही एसटीत बसलो. कामरगाव आल्यावर डोळे पुसत म्हणाला, "इचाराचंच राह्यलं ना बे."

शेवटी त्यानं हैदराबादला पोस्टकार्ड टाकलं. चार महिन्यांनी उत्तर आलं: हा प्रश्न आम्हालाही पडला आहे, उत्तर अजून ठाऊक नाही. मामा ते कार्ड घेऊन गावभर फिरला. "त्याईलेई मालूम नाई! म्हंजे सवाल बराबर होता माया!"

आता मामा नाही. ते न दिसणारं काय आहे ते अजून सापडलेलं नाही, असं पेपरात वाचलं की वाटतं, मामाला सांगावं. दोन दिवस बोलला असता त्यावर. या खेपेला मी मागच्या दारानं गेलो नसतो.