आधी नाव, मग गाणं

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकही यंत्रमाग नाही. सोळा माग होते, त्यांच्या जागी जमिनीतून वर आलेले लोखंडी बोल्ट तेवढे उरलेत, आणि कुणाला ठेच लागू नये म्हणून प्रत्येक बोल्टवर प्लास्टिकचा एकेक डबा उपडा घातलाय. हा सोलापूरच्या पूर्व भागातला सुंदरम्माचा बंद पडलेला कारखाना. डोक्यावर पत्रा. चारी भिंतींवर जाडजूड चादरी टांगलेल्या, कुठे मोर, कुठे वाघ, एका भिंतीवर शेजारी शेजारी दोन ताजमहाल. रिकाम्या कारखान्यात आवाज घुमतो, एका शब्दावर दुसरा शब्द आदळतो. चादर तो जादाचा आवाज पिऊन टाकते. कोपऱ्यात टेबल, त्यावर रेकॉर्ड प्लेअर, कॅसेटचा डेक आणि एक जुना लॅपटॉप. रविवार, संध्याकाळचे पाच.

डावीकडून कासीम येतो. वय एकसष्ट, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात तीन पेनं, त्यातलं चालणारं एकच. तो आधी पंखे बंद करतो. लोक कुरकुरतात.

"पंख्याचं गाणं घरी ऐका," तो म्हणतो. "रोजच लागतं."

सुंदरम्मा दारातूनच ओरडते, "काय ओ कासीमभाई, माग होते तेव्हा एवढा आवाज नव्हता!"

"मागांना चादरी विणायच्या होत्या, अम्मा. मी त्याच चादरींना ऐकवतोय."

मी पहिल्या रांगेत, हात असलेल्या एकुलत्या एका खुर्चीवर. मानाची म्हणून नाही, गुडघ्यांमुळे.

दर रविवारच्या त्या संध्याकाळचं नाव होतं 'सरमिसळ'. सोलापुरात डीजे म्हटलं की शहाणी माणसं खिडक्या लावून घेतात. कासीम मात्र स्वतःला अभिमानानं डीजे म्हणायचा. "मी पण डीजेच, बाई. फक्त माझ्यानं भिंती हलत नाहीत." आफ्रिकेतल्या माली देशातली गिटार वाजवून झाली की तो तेलुगू लग्नातलं पाठवणीचं गाणं लावायचा. त्यामागून कव्वाली. मग बँकेत नोकरी करणाऱ्या बुद्धप्रियानं आजोबांच्या जलशातलं एक गाणं टेपवरून आणून दिलं होतं, ते. मग ब्राझीलचं काहीतरी, ज्यावर कॉलेजची पोरं उठून नाचायची आणि पाठोपाठ सुंदरम्माही, खुर्ची न सोडता. हे याच्यामागून ते कसं काय, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "दोघांची चाल सख्ख्या बहिणींची आहे, बाई. सासर लांब पडलं म्हणून भेट झाली नव्हती."

त्याचा नियम एकच. नाव सांगितल्याशिवाय सुई ठेवायची नाही. कोण गातंय, गाव कुठलं, टेप कुणी दिली, हे सगळं तो आधी सांगायचा. कुणी घाई केली तर आणखी सावकाश सांगायचा. कार्यक्रम संपला की पूर्ण यादी दाराला लागायची. लग्नात माईक लावण्याच्या धंद्यामुळे त्याच्याकडे जुन्या लग्नपत्रिकांचे गठ्ठे होते. त्यांच्या कोऱ्या पाठीवर तो यादी लिहायचा. क्रमांक, गाणं, गाणारा, देणारा. आणि शेवटच्या रकान्यात कोणत्या मिनिटाला सुरू करायचं, आवाज कुठे दाबायचा, पुढचं गाणं कुठे आणून जोडायचं. तीच पत्रिका फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जायची. कुणी गाणं मागितलं तर तेही पाठवायचा. 'चि. सौ. कां.'च्या पाठीवर अख्खी विद्या.

मी त्याला बजावलं होतं. आमच्या नाटक कंपनीतले ऑर्गनवाले चालींची वही पेटीत कुलूपबंद ठेवायचे आणि किल्ली जानव्याला बांधायचे. आंघोळीला गेले तरी किल्ली सोबत. मी म्हटलं, "कासीम, सगळंच लिहून दिलंस तर तुझं काय उरलं?"

"नाव उरलं की," तो म्हणाला. "त्यांचं."

मला हे ऐकवायचा हक्क त्यालाच होता. कारण याच कासीमनं आमच्या कंपनीत बावीस वर्षं माईक सांभाळले होते. करकंबच्या जत्रेत वीज गेली तेव्हा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर त्यानं माझा तिसरा अंक पार पाडला होता. टाळ्या मी घेतल्या. आमच्या जाहिरातीत माझं नाव बोटभर उंचीच्या अक्षरांत यायचं, खाली रंगभूषा, नेपथ्य, अगदी चहा पुरवणाऱ्या हॉटेलाचंही यायचं. माईकवाल्याचं एकदाही आलं नाही. त्यानं कधी विचारलं नाही, आणि खरी शरमेची गोष्ट ही की मीही विचारलं नाही. आता लिहिते: कासीम इमामसाब नदाफ. बावीस वर्षं उशिरा.

यादीतलं सातवं गाणं दर रविवारी ठरलेलं असे. याच कारखान्यात निंगप्पा नावाचा विणकर होता, अक्कलकोटकडचा, कानडी बोलणारा. तो मागाच्या खडखडाटात, त्याच खडखडाटाच्या तालावर गायचा. वीस वर्षांपूर्वी कासीम इथे भोंगा दुरुस्त करायला आला, ते गाणं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन आला. त्या टेपमध्ये तिसऱ्या कडव्यावर निंगप्पाचा धागा तुटतो. तो गाता गाता थांबतो, वैतागून म्हणतो, "हरीतु नोड!" म्हणजे, तुटला बघ. माग थांबतो. गाठ मारेपर्यंत शांतता. मग माग सुरू होतो, आणि गाणं जिथे तुटलं तिथूनच तो ते उचलतो.

त्या शांततेत सत्तर-ऐंशी माणसं श्वास धरून बसायची. ती निंगप्पाची गाठ मारून व्हायची वाट पाहायची. मी रंगभूमीवर चाळीस वर्षं काढली, पण अशी शांतता मला मोजून दोनदा मिळाली.

निंगप्पा छातीच्या दुखण्यानं गेला. त्याची बायको शिवबाई दर रविवारी यायची, शेवटच्या रांगेत बसायची. कासीम सातव्या गाण्याआधी उभा राहायचा. "गाणारा निंगप्पा. माग नंबर अकरा. हा इथला." आणि अकरा नंबरच्या डब्याकडे बोट करायचा. शिवबाई पदर तोंडाला लावायची. एरवी कासीमला मी थकलेला पाहिलाय, चिडलेला पाहिलाय, पण तेवढं एक वाक्य बोलताना तो ताठ असायचा. हे नाव दर रविवारी एकदा मोठ्यानं घेतलं जावं, एवढ्यासाठीच त्यानं हा सगळा खटाटोप मांडला होता, असं मला वाटतं.

आता दुसरा प्रवेश. ताबीश. कासीमच्या बहिणीचा मुलगा, पस्तिशीतला, लग्नावरातीत ट्रकभर स्पीकर लावणारा. या धंद्यात गाण्याच्या पेनड्राइव्हला पासवर्ड असतो, मिक्स केलेल्या गाण्यात दर मिनिटाला आपल्या नावाची आरोळी भरलेली असते, की चोरणाऱ्यालाही तुमचंच नाव वाजवावं लागतं. असा हा भाचा एका रविवारी आला, मागे उभा राहून सगळं ऐकून गेला. पुढच्या रविवारी पुन्हा आला आणि दारावरच्या यादीचा फोटो काढून गेला.

दोन महिन्यांनी होटगी रोडवरच्या एका मंगल कार्यालयात वातानुकूलित 'सरमिसळ' सुरू झाली. तीच यादी, तोच क्रम, तेच जोड. वार रविवार, वेळ संध्याकाळचे पाच.

कासीमनं फोन लावला तेव्हा मी शेजारी होते.

"नाराज हुए क्या मामू? तुम्हीच म्हणता ना, यादी सगळ्यांची आहे. मी सगळ्यांत नाही का?"

"आहेस," कासीम म्हणाला. "वाजव. फक्त नावं घे. प्रत्येक गाण्याआधी."

"मामू, लोक नाचायला येतात. हजेरी द्यायला नाही."

"सगळी नको. सातवं तरी. निंगप्पाचं."

"बघू ना. तुम्ही या तर. गाडी पाठवतो."

रविवारी गाडी आली. कारखान्याला कुलूप घालून आम्ही गेलो. का गेलो, असं लोक विचारतात. सातव्या गाण्यासाठी गेलो.

आत कमळाच्या आकाराचे दिवे, धूर, गारवा. आमच्या कारखान्यातली अर्धी माणसं तिथे होती. काहींनी आम्हाला पाहून मोबाईलमध्ये तोंड घातलं. बुद्धप्रिया तेवढी उठून आली आणि कासीमशेजारी बसली. ताबीशनं कासीमला मंचावर बोलावलं. "आपल्या सगळ्यांचे लाडके मामू! इनकी दुआ से सब चल रहा है!" टाळ्या. नारळ दिला, शाल म्हणून सोलापुरी चादर पांघरली. मोराची. कासीमनं माईककडे हात केला. ताबीशनं तो हात प्रेमानं धरून त्याला खाली सोफ्यावर आणून बसवलं. "आराम से बैठो, मामू."

माझ्या चाळीस वर्षांत मी पुष्कळ सत्कार पाहिले, घेतलेही. माणसाला गप्प बसवायचं याहून सुरेख साधन अजून निघालेलं नाही.

सहा गाणी झाली. सातव्याला दिवे लाल झाले. निंगप्पाचा आवाज आला, पण खालून ढोल ठोकत होते, आणि माग कुठेच नव्हता. तो ताबीशनं पुसून टाकला होता. दोन कडवी झाली. मग "हरीतु!" आलं. शांतता नाही. "हरीतु! हरीतु! हरीतु-हरीतु-हरीतु!" ढोलाबरोबर, वीस वेळा, तीस वेळा, आणि माणसं हात वर करून उड्या मारत तेच ओरडत होती. धागा काही कुणी जोडला नाही. त्यावरच पुढचं गाणं चढलं.

कासीमनं चादर खांद्यावरून काढून घडी घातली. कडेला कडा जुळवून, विणकराच्या घरात घालतात तशी. मग त्याला भिंतीशी शिवबाई दिसली. तिला नव्या साडीत मी प्रथमच पाहत होते. तो तिच्याजवळ गेला, मीही मागून गेले.

"वहिनी, चला. मी सोडतो तुम्हाला."

"का ओ? आत्ता तर आले की मी." ती हसत होती. "आयकलं न्हवं? त्येंचा आवाज केवढा मोटा झालाय! समदी नाचत हुती त्येंच्या गाण्यावर. ह्या जलमात कुनी नाचलं न्हवतं."

"पण नाव नाही घेतलं त्यानं."

"नाव मला ठाव हाय की. बाकीच्यास्नी काय करायचंय?" मग तिला वाटलं असावं की हे लागलं, म्हणून तिनं समजुतीच्या सुरात जोडलं, "आन् हितं गार हाय, भाऊ. तितं तुमी पंखं बंद करत हुता. लई उकडायचं."

कासीमनं मान हलवली. एखाद्या नटाला प्रॉम्प्टरनं चुकीचं वाक्य पुरवावं आणि त्यानं तेच निमूट म्हणावं, तशी.

पुढच्या रविवारी कारखान्यात आम्ही अकराजण होतो. त्याच्या पुढच्या रविवारी चार. त्यानं नियम मोडला नाही. अकरा नंबरच्या डब्याकडे बोट करून, रिकाम्या शेवटच्या रांगेला नाव सांगितलं. तिसऱ्या रविवारी त्यानं चादरी उतरवल्या, उन्हात झटकल्या, सुंदरम्माच्या दारात ठेवल्या. "राहू दे ओ भिंतीवर," ती म्हणाली, "भिंती नागड्या दिसतात." त्या दिवशी कारखान्यात नुसतं खोकलं तरी चार वेळा ऐकू येत होतं.

महिनाभरानं तो मुलीकडे, माजिदाकडे, विजापूरला राहायला निघाला. मी स्टेशनवर पोचवायला गेले. दुपारची वेळ. त्याच्या पायाशी एक ट्रंक आणि सुतळीनं बांधलेला पत्रिकांचा गठ्ठा. माझ्यासाठी त्यानं वडापाव आणला होता, स्वतः काही खाल्लं नाही. मी भूमिकेत शिरून धीराचं बरंच बोलले. तिकडेही एखादा बंद कारखाना मिळेल, म्हणाले. त्यानं ऐकून घेतलं. जुना माईकवाला, कोणाचा आवाज पोकळ येतोय हे त्याला कळायचं.

बाकावर शेजारी केळीचा एक व्यापारी बसला होता, उजनीकडचा, पायात चिखलाचे बूट. त्याचा फोन वाजला.

"हरीतु! हरीतु! हरीतु-हरीतु!"

त्यानं फोन लगेच उचललाच नाही. मान डोलावत थोडं वाजू दिलं, मग बोलून झाल्यावर आमच्याकडे वळला. "झकास हाय न्हवं? सगळीकडं हेच चाललंय सध्या. कोन गातंय कुनास ठाऊक. तुमाला म्हाईत हाय का ओ चाचा?"

कासीमचा हात गठ्ठ्याच्या सुतळीवर गेला. मला वाटलं, आता गाठ सुटणार. मी स्वतःशी पुढचं वाक्य म्हणूनही टाकलं, गाणारा निंगप्पा, माग नंबर अकरा. गाडी फलाटाला लागत होती. कासीमनं हात काढून घेतला, ट्रंक उचलली, गठ्ठा काखेत मारला आणि त्या माणसाकडे न पाहता म्हणाला,

"नाही. मला नाही माहीत."