मिआओ गुरुजींचं वठलेलं झाड

आमच्या सूचौ शहरात एखाद्या शिकलेल्या गृहस्थाला झाडाचं चित्र काढा म्हटलं, की तो आधी विचारतो, "कोणाचं?" म्हणजे कोणाच्या बागेतलं नव्हे, तर चारशे वर्षांपूर्वीच्या कोणत्या चित्रकाराचं. मिआओ शिहंग गुरुजी त्यातले पक्के. सरकारी परीक्षेत तीनदा आपटले आणि मग घरी बसून चित्रं काढू लागले. चित्र पुरं झालं की कोपऱ्यात ठसठशीत अक्षरांत लिहायचे, 'थंड झऱ्याच्या बुवांच्या धाटणीने'. हे चित्रकार बुवा जाऊन चार शतकं झालेली, त्यामुळे ते काही तक्रार करायला येत नसत.

एकदा गुरुजींची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "अहो, दारात एवढं बोराचं झाड आहे. ते बघून काढा की एकदा."

"बघून?" गुरुजी कडाडले. "बघून रंगारी काढतात! आम्ही स्मरून काढतो."

"कधी नीट बघितलंच नाही ते स्मरता कसं हो?"

गुरुजींनी दाराकडे पाठ केली आणि शाई उगाळायला घेतली.

मी रुआन, त्याच गल्लीतला चित्रं मढवणारा. फाटलेलं रेशीम सांधायचं, मागून कागद डकवायचा, गुंडाळीला दांडा बसवायचा, हे माझं काम. म्हणजे रंगाऱ्याच्याही खालची पायरी.

बुवांचं अस्सल म्हणावं असं एकच चित्र शहरात होतं, चू घराण्याकडे. डोंगर, धुकं आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक वाकलेलं, वठलेलं झाड. गुरुजींनी ते पाहिलं आणि वेडे झाले. तीस वर्षं तेच काढत राहिले. वर शिष्यांना व्याख्यानं. "एकही पान नाही, पाहिलंत? भ्रष्ट दरबाराचं मीठ नको म्हणून राजीनामा देऊन घरी आलेला सज्जन आहे तो!" शिष्य माना डोलवायचे. दारात उभा राहून मीही डोलवायचो.

खरं सांगायचं तर ते झाड माझं होतं.

गुरुजींनी चित्र पाहिलं त्याच्या आदल्याच वर्षी थोरल्या चूसाहेबांनी ते माझ्याकडे दुरुस्तीला दिलं होतं. उंदराने कोपरा तळहाताएवढा कुरतडलेला. मी जुन्या रेशमाचं ठिगळ लावलं, पण ते कोरं ठिगळ डोळ्यांत खुपत होतं. थोरले म्हणाले, "काहीतरी काढून झाक रे, आणि तोंड बंद ठेव." भोक वाकडं, म्हणून झाड वाकडं. पानं मला काढता येत नव्हती. पुढे थोरले वारले. मी आधी भीतीने गप्प राहिलो, नंतर हावरटपणाने. आपल्या झाडाचं एवढं कौतुक कोणाला नको असतं?

गुरुजी साठीला आले तेव्हा शहराची नवी बखर लिहिली जात होती. तीत त्यांच्या नावावर एक ओळ येणार होती, 'बुवांचं झाड याने जिवंत ठेवलं.' परीक्षा हुकलेल्या माणसाला ती ओळ म्हणजे सगळं आयुष्य. बखरकार खातरजमा करायला चूंच्या घरी आले. गुरुजी नवा झगा घालून बसले. तेवढ्यात एका पाहुण्याने त्याच चित्राची जुनी नक्कल उलगडली, त्याच्या खापरपणजोबांनी वर कागद ठेवून गिरवलेली. तिच्या कोपऱ्यात झाड नव्हतंच. एक होडी होती आणि तीत झोपलेला कोळी.

"नक्कल खोटी आहे!" गुरुजी ओरडले. "झाडावाचून बुवा? शक्यच नाही. रुआनला बोलवा, रेशीम त्याला कळतं."

मला आणलं. गुरुजी म्हणाले, "सांग रे यांना, सांग." खोटं बोलायचं ठरवूनच मी आलो होतो. पण बखरकाराने नेमकं ठिगळावर बोट ठेवलं. "हे कोणी लावलं?" मी सगळं ओकलो.

खोलीत हशा पिकला. गुरुजी मात्र एवढंच म्हणाले, "पानं का काढली नाहीस?"

"येत नव्हती, गुरुजी."

बखरीतली ओळ गेली. गुरुजींनी कुंचला हातात घ्यायचं सोडलं. वहिनी माझ्या दुकानात येऊन रडल्या. "दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात, भाऊजी. चार घासांवर उठतात."

माझं मन मला खात होतं. तेच झाड काढून त्यांच्या पायांशी ठेवावं आणि माफी मागावी, असं ठरवून बसलो. झाड येईना! तेव्हा भोकाच्या कडेने हात आपोआप फिरला होता. कोऱ्या कागदावर भोक कुठून आणू? शेवटी गुरुजींचंच एक जुनं चित्र समोर टांगलं आणि त्यावरून काढलं.

कागद त्यांच्यापुढे पसरला. ते बघेनात. मग एका डोळ्याने बघितलं. मग दोन्ही. हळूहळू कपाळाला आठ्या पडल्या.

"हा फाटा असा वळतो? आणि शाई केवढी चोपडलीस, गाढवा!" गुरुजींनी बाह्या वर सारल्या. "असलं झाड कोणी शिकवलं तुला? सरक तिकडे."