दुपट्ट्याखालचा भाव

माझे वडील बैलबाजारात दलाल होते. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहायचं आणि सौदा जमवायचा, हे त्यांचं काम. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकतो, त्याखाली समोरच्याचा हात धरतो आणि बोटं दाबून आकडा सांगतो. एक बोट, दोन बोटं, सगळा पंजा. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गोष्टी चालू असतात. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी भाव फक्त दोन हातांना ठाऊक असतो. शाळेत जायच्या आधी मी आकडे त्या दुपट्ट्याखाली शिकलो. वडील माझी बोटं दाबत आणि विचारत, "सांग, किती झाले?"

त्या बोटांवर मी बी.एस्सी. झालो. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. दर जोडीमागं मिळणाऱ्या दलालीतून त्यांनी माझी खोली, मेस, फी सगळं चालवलं आणि कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. मला प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटावर लॅब टेक्निशियनची नोकरी लागली, त्या वर्षी गुरांवर लम्पीची साथ आली आणि बाजार बंद झाला. पुढे तो उघडला, पण पहिल्यासारखा भरला नाही. लोकांनी ट्रॅक्टर भाड्यानं सांगायची सवय लावून घेतली होती. वडील तरीही दर बाजाराला धुतलेला दुपट्टा खांद्यावर टाकून जात आणि दुपारच्या आत परत येत. आई विचारायची, "जमलं का काही?" ते म्हणत, "जोड्याच नाही आल्या." दीड वर्ष असं गेलं.

मोटारसायकल मला लागणारच होती. केंद्र गावापासून बावीस किलोमीटर, एसटी दिवसातून दोनदा, आणि उपकेंद्रांवरून रक्ताचे नमुने आणायचे म्हणजे कोणाच्या तरी मागं बसून जावं लागे. पैसे मी साठवले होते. पोळा झाल्यावर एकदा जेवताना म्हटलं, की दिग्रसला जाऊन गाडी घेऊन येतो.

वडिलांनी घास खाली ठेवला. "एकटा जाशील? भाव कोण करन?"

"बाबा, शोरूममध्ये भाव नसतो करायचा. छापलेला असतो."

"इकणारा हाये ना तिथं? मंग भाव हाये."

त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी तेज दिसत होतं. मुलाला पैशानं देण्यासारखं आता त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं. हे एक देता येणार होतं. मला ते कळत होतं, म्हणून मी चला म्हटलं.

एसटीत त्यांनी मला पढवलं. गाडी आवडली असं तोंडावर दिसू द्यायचं नाही. आधी दुसऱ्याच गाडीकडं पाहायचं. काही ना काही खोट काढायची. आणि मधात बोलायचं नाही. "दलाल बोलते तवा मालकानं गप राहावं," ते म्हणाले. मी मालक, ते दलाल. मी हसलो. तेही हसले.

शोरूम म्हणजे रस्त्याकडून सगळी काच. आत थंडगार. वडिलांनी चपला दाराशी काढल्या, तेव्हा आतला सेल्समन म्हणाला, "राहू द्या काकाजी, चालते." पण त्यांनी काढल्याच. मी माझे बूट काढले नाहीत. तो सेल्समन माझ्याच वयाचा होता, टाय लावलेला. मला तो सर म्हणाला. केंद्रात मला कोणी सर म्हणत नाही. एवढ्याशा गोष्टीनं माणूस किती सुखावतो हे लिहायला आज बरं वाटत नाही, पण मी सुखावलो.

मला हवी ती काळी गाडी समोरच उभी होती. वडील आधी लाल गाडीजवळ गेले, मग कुठं काळीकडं वळले. तिच्याभोवती पूर्ण फेरी मारली, खाली बसून चाक पाहिलं, मागच्या बाजूला थाप मारली.

"दात पाह्यता का काय काकाजी?" सेल्समन म्हणाला.

"दात पाहून दहा वेळा फसलो बाप्पा. चालवून दाखव. चाकं बारीक हायेत हिची. आमच्या पांदनीच्या चिखलात फसन हे."

"काकाजी, हे गाडी कुठंच फसत नाही."

"मंग तूच घेऊन टाक ना. आमाले कायले इकून राह्यला?"

सगळे हसले. मीही मनापासून हसलो. कितीतरी दिवसांनी मी त्यांना असं बोलताना ऐकत होतो.

कोटेशन एक लाख दोन हजारांचं होतं. पासिंग, विमा सगळं धरून. वडिलांनी तो कागद हातात घेतला, घडी केली आणि परत दिला. मग खांद्यावरचा दुपट्टा काढला, उजव्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. "आण हात."

सेल्समन क्षणभर गोंधळला. मग त्याच्या लक्षात आलं. त्याच्याही आजोबांनी बैल घेतले असतीलच. त्यानं काउंटरवरच्या मुलीकडं पाहून डोळा मारला आणि हात दुपट्ट्याखाली घातला. ती मुलगी फोन काढून उभी राहिली. "काकाजी, जरा इकडं वळा ना, रील करते."

"हे दाखवाचं नसते बाई," वडील तिच्याकडं न पाहता म्हणाले. "म्हणून तं झाकते."

तरीही ती रील काढत राहिली. डोळा मारलेला मला दिसला होता. वडिलांना दिसला नाही, त्यांचं ध्यान बोटांत होतं. त्यांनी पंजा दाबला असावा, सेल्समन "अरे बापरे" म्हणाला. पुन्हा दुपट्टा हलला. वडील वर सोयाबीनच्या गोष्टी करत होते. शेवटी त्यांनी त्याचा हात दोनदा हलवला आणि सोडला. बाजारात असा हात हलवला की सौदा झाला. त्यानंतर कोणी माघार घेत नाही. घेतली तर त्या माणसाचा हात पुन्हा कोणी दलाल धरत नाही.

वडील माझ्याजवळ आले, माझी चार बोटं धरली आणि हळूच दाबली. चार हजार कमी. अठ्ठ्याण्णवमध्ये गाडी. त्यांचा तळवा घामेजला होता.

बिलाच्या काउंटरवर तीच मुलगी बसली. तिनं छापून दिलेला कागद मी वाचला. एक लाख साडेतीन हजार. चार हजार कमी झालेच नव्हते. उलट खाली दोन ओळी वाढल्या होत्या, हँडलिंग चार्जेस आणि अ‍ॅक्सेसरीज किट. किट मी मागितलं नव्हतं. हँडलिंगचे पैसे देणं बंधनकारक नाही, हे मी आदल्याच दिवशी मोबाइलवर वाचून आलो होतो. दोन्ही गोष्टी मला तिथल्या तिथं समजल्या.

वडिलांना अक्षरं जेमतेम येतात, पण आकडे येतात. त्यांनी बोट ठेवलं. "हा आकडा आपला नाही."

सेल्समन जवळ आला. "काकाजी, सिस्टीममध्ये असंच येते."

"हात देल्ला होता तू."

"अहो काकाजी, ते तर गमतीत झालं ना."

 गमतीत या शब्दाशी काय करावं ते वडिलांना समजेना. आमच्या मागं एक कुटुंब गाडीची डिलिव्हरी घ्यायला हार-नारळ घेऊन उभं होतं. त्यांच्यातली एक बाई दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. वडील माझ्याकडं वळले.

"तू वाच. काय काय लिवलं हाये ते समद्याइले सांग."

याचसाठी त्यांनी मला शिकवलं होतं, असं म्हणायला हरकत नाही. कागद वाचता यावा, कोणी फसवलं तर बोलता यावं. काचेच्या केबिनमध्ये मॅनेजर बसला होता, पंधरा पावलांवर. मी उठून जायचं होतं आणि म्हणायचं होतं, की अठ्ठ्याण्णवला सौदा झाला आहे, या दोन ओळी काढा. न काढल्या तर पुसदला दुसरी शोरूम होती. फार तर एक चक्कर वाढली असती.

पण त्या मुलीच्या फोनमध्ये वडिलांचा व्हिडिओ होता, मागची बाई हसत होती, आणि मला सर म्हणणारा तो सेल्समन माझ्याकडं असा पाहत होता जणू आम्ही दोघं एका बाजूचे आणि वडील दुसऱ्या बाजूचे.

"बाबा, सगळीकडं असंच असते," मी म्हणालो. "चला, जाऊ द्या."

आणि मी पैसे भरले.

 वडिलांनी दुपट्टा झटकला, खांद्यावर टाकला आणि चपला घालून ते बाहेर गेले. आत माझ्या हातात पुठ्ठ्याची मोठी किल्ली देऊन फोटो काढला गेला. सेल्समन म्हणाला, "काकाजींना बोलवा ना फोटोत." मी दारातून हाक मारली. ते समोरच्या पानठेल्याजवळ पाठ करून उभे होते. हाक ऐकू गेली नसावी असं मी स्वतःला सांगितलं.

गावापर्यंत ते मागं बसून आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, मागचं कॅरिअर धरलं. रस्त्यात मी दोनदा विचारलं, बरं वाटते ना. दोन्ही वेळा ते हो म्हणाले.

घरासमोर गाडी उभी केली तशी गल्ली जमा झाली. आईनं ओवाळलं. शेजारच्या काकांनी सीटवर हात फिरवून वडिलांना विचारलं, "केवढ्याले पडली दलालसाहेब? तुमी होते म्हंजे पाडलाच असन भाव."

"दलाल आकडा सांगत नाही," वडील म्हणाले.

"मंग मालक सांगन," काका माझ्याकडं वळले.

"अठ्ठ्याण्णव," मी म्हणालो. "एक लाख दोनचे अठ्ठ्याण्णव केले बाबांनी."

"वा रे पठ्ठे!" काकांनी वडिलांच्या पाठीवर थाप मारली. वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. बैलाचा पाय धरून पाहावा आणि आत दुखणं आहे हे कळावं, तसं पाहिलं. मग ते आत गेले आणि दुपट्टा खुंटीला लावला. तो आकडा आता मला मोठ्यानं म्हणता आला होता, आमच्याच दारात, आमच्याच लोकांपुढं.

त्या आठवड्यात ते बाजाराला गेले नाहीत. पुढच्याही नाही. आईनं विचारलं तर म्हणाले, बाजारात आता काय हाये.

गाडीनं माझं काम सोपं झालं. नमुने वेळेवर पोचतात, वर्षभरात माझं कंत्राट दोनदा वाढवून मिळालं. मी कृतघ्न नाही. जे मिळालं ते त्यांच्यामुळं, हे मला रोज किक मारताना आठवतं.

या उन्हाळ्यात घरात फ्रीज घ्यायचं ठरलं. मी मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हटलं, "बाबा, पुसदला जाऊ. भाव तुम्हीच करा."

ते ओट्यावर तुरीच्या काड्यांचा खराटा बांधत होते. दोरी दातात होती. ती काढून म्हणाले, "तूच जा. तुले वाचता येते."

मी एकटाच गेलो. दुकानदारानं सांगितला तेवढा भाव दिला आणि परत आलो.