पस्तिशीची अट

आमच्या संस्थेला यंदा वीस वर्षं झाली म्हणून समितीनं मला तिचा इतिहास लिहायला सांगितला. मी लिहून दिला. भाड्याचं घर, मग स्वतःची इमारत, मग शिवणवर्ग, टंकलेखन, बालवाडीच्या शिक्षिकांचं प्रशिक्षण आणि सहा वर्षांपूर्वी फाटकावर लागलेली 'महाविद्यालय' ही पाटी. सगळं तारीखवार आहे, शोधूनही चूक सापडायची नाही. त्यात मैनाबाईचं नाव 'स्वयंपाकघर' या मथळ्याखाली एका ओळीत आहे. तिच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागलं असतं, आणि छापील पुस्तिकेत ते करायची माझी हिंमत झाली नाही. ते इथे लिहिते आहे. उशीर झाला हे मला कोणी सांगायला नको.

अठ्ठावन्न साली मी वीस वर्षांची होते. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून खैरलांजीकडच्या गावी बापाच्या घरी परत आले होते. बाप, डोमाजी, फार बोलणारा माणूस नव्हता. बालाघाटला बायकांसाठी शाळा निघाली, राहायला-जेवायला तिथेच मिळतं, असं त्यानं बाजारात ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला सायकलवर मागे बसवून आणून सोडलं. चौथी पास झालेल्या, पण पुढे शाळा सुटलेल्या बायकांना दोन वर्षांत आठवीच्या परीक्षेला बसवायचं, म्हणजे त्या मास्तरीण, नर्स, ग्रामसेविका होतील, अशी ती योजना होती. आम्ही बावीस जणी होतो. विधवा, टाकलेल्या, एकदोघी स्वतःच पळून आलेल्या. कौलारू घर भाड्याचं होतं. पुढच्या खोलीत वर्ग, मागच्या दोन खोल्यांत आमच्या वळकट्या.

नुकतेच प्रांत वेगळे झाले होते. नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. त्यामुळे शिकवणं हिंदीत, पुस्तकं हिंदीत, आणि भांडणं मात्र आमच्या बोलीत. अधीक्षक होत्या सत्यभामाबाई, नागपूरच्या, कडक आणि सरळ. त्यांना आम्ही बडी बहनजी म्हणत असू. त्यांच्यासमोर खोटं बोलायला जीभ रेटत नसे. हे मी मुद्दाम सांगते आहे.

मैनाबाई आली ती शाळा सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात, एक गाठोडं घेऊन. तिचा नवरा बैहरला लाकडाच्या डेपोत कामाला होता, ओंडका अंगावर पडला, त्यात तो गेला. ती भावाकडे राजेगावला निघाली होती. बसमध्ये शेजारच्या बाईनं आमच्या शाळेचं सांगितलं, तशी ही बालाघाटलाच उतरली आणि विचारत विचारत आली. सत्यभामाबाईंपुढे उभी राहून म्हणाली, "बाई, मले शिकाचं आहे. भांडे घासाले लावा, पण वर्गात बसू द्या."

बाईंनी विचारलं, किती शिकलीस? दुसरीतून शाळा सुटलेली. वर्गाला चौथीची अट होती. बाईंना वाईट वाटलेलं दिसलं, पण अट ती अट. मग त्यांनीच मार्ग काढला. स्वयंपाकाला बाई हवीच होती. इथे राहा, स्वयंपाक कर, फावल्या वेळात अभ्यास करून चौथीची परीक्षा बाहेरून दे, मग पुढच्या तुकडीत बस. मैनाबाईचा चेहरा असा उजळला की आम्ही सगळ्या हसलो.

पण समितीचा तिथेही एक नियम होता. बायकांच्या वसतिगृहात स्वयंपाकाला तरुण बाई ठेवायची नाही, लोक नावं ठेवतात, म्हणून पस्तिशीच्या पुढचीच हवी. बडी बहनजी दोन दिवस जबलपूरला गेल्या होत्या आणि माझं अक्षर सगळ्यांत चांगलं म्हणून मैनाबाईचा अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं. तिला जन्मसाल कुठलं माहीत असणार? वैनगंगेला कुठला तरी मोठा पूर आला त्या साली झाली, असं तिची आई सांगायची. लग्न कधी, थोरला भाऊ केवढा, असं विचारत मी हिशेब केला तर सव्वीस भरली. मी लिहिलं छत्तीस.

"छत्तीस?" ती म्हणाली. "एवढी म्हतारी दिसून राह्यली का मी?"

कागदावरच्या वयानं केस पिकत नाहीत, असं मी तिला ऐकवलं आणि कोणी विचारलंच तर एवढंच सांग म्हणून बजावलं. तिनं अंगठा उठवला. माझ्या हुशारीवर मीच खूष होते. वर्गालाही वयाची अट आहे, वीस पूर्ण आणि पस्तिशीच्या आत, हे मी महिन्यापूर्वी माझ्याच अर्जावर वाचलं होतं. म्हणजे चुलीपाशी बसायला पस्तिशीच्या पुढची हवी आणि वर्गात बसायला पस्तिशीच्या आतली. त्या दिवशी ते माझ्या डोक्यातही आलं नाही. तेवढ्यापुरता माझा दोष नाही, असं मी अजूनही मानते. दोष पुढचा आहे.

मैनाबाईच्या हातचं जेवण आमच्या अंगी लागलं. लाखोळीच्या डाळीला ती लसणाची अशी फोडणी द्यायची की वर्गात भूगोल चालू असताना बावीस जणींच्या माना मागच्या दाराकडे वळायच्या. दुपारी भांडी आवरली की ती पाटी घेऊन माझ्यापुढे बसे. तिच्यात चिकाटी होती, पण हात जड होता. पाटीवर 'ल' काढताना ती ओठ चावायची. मी तोंडाची फटकळ, 'अगं भाकरी थापते आहेस का?' म्हणायची. ती हसायची आणि पुन्हा काढायची. जेवायला वाढताना मात्र तीच मला दटावायची, "पोट भरून जेव विमल, मास्तरणीले आवाज लागते."

साठ साली मी आठवी पास झाले. पहिल्या तुकडीत माझा पहिला नंबर आला म्हणून सत्यभामाबाईंनी मला तिथेच मदतनीस शिक्षिका म्हणून ठेवून घेतलं, तात्पुरती. मैनाबाईची चौथीची तयारी तेव्हा अर्धवट होती. दुसरी तुकडी तिच्याशिवाय सुरू झाली. तिनं तक्रार केली नाही. त्या दिवसापासून ती मला चारचौघांत 'बहनजी' म्हणू लागली.

बासष्टच्या एप्रिलमध्ये ती चौथीच्या परीक्षेला बसली. जवळच्या प्राथमिक शाळेत, दहा-दहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत, जमिनीवर. धुतलेलं लुगडं नेसून गेली होती. शाळेच्या हेडमास्तरांनी वय विचारलं तर तिनं खरं सांगितलं, तीस. तिथे खोटं बोलायचं कारणच नव्हतं. पास झाली. गणितात तर पोरांच्या वर गेली. दाखला हातात आला त्या दिवशी तिनं आम्हा सगळ्यांना गुळाची खीर केली आणि मग लगेच, हात पुसून, तिसऱ्या तुकडीचा अर्ज स्वतःच्या हातानं भरला. एकेक अक्षर सुटं. तो अर्ज मी पाहिला आणि मला भरून आलं.

कार्यालयात घनश्याम बाबू म्हणून कारकून होते. वाईट माणूस नव्हे, कागद जुळवणं हेच त्यांचं काम. त्यांनी अर्ज आणि नोकरीचं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं. एकात तीस, दुसऱ्यात चाळीस. त्यांनी दोन्ही कागद बडी बहनजींच्या टेबलावर नेऊन ठेवले.

मला आणि मैनाबाईला आत बोलावलं. सत्यभामाबाईंनी जुना अर्ज माझ्याकडे सरकवला. मैनाबाईला त्या म्हणाल्या, नोकरीसाठी वय खोटं सांगितलं असेल तर नोकरी जाईल, आणि खोटं बोललेल्या बाईला समिती वर्गातही घेणार नाही. चाळीस खरं असेल तर नोकरी राहील, पण वर्गात बसता येणार नाही. मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "विमल, हे अक्षर तुझं आहे. हिनं सांगितलं तेच वय लिहिलंस, की तुझ्या मनानं?"

त्यांना मी काय म्हणायला हवं होतं ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. चूक माझी, तिची नाही, एवढं वाक्य पुरलं असतं. अर्ज भरणारीची चूक म्हणून वय दुरुस्त झालं असतं आणि मैनाबाई जुलैमध्ये वर्गात बसली असती. पण येत्या रविवारी समितीची बैठक होती आणि तीत मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. खोटं वय लिहिणारीला कोण कायम करणार? बापाचं घर, भावजयीचं तोंड, तेच अंगण, हे सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी टेबलावरच्या अर्जाकडे बघत राहिले.

मैनाबाई माझ्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग बाईंकडे वळून म्हणाली, "मीच सांगतलं होतं छत्तीस. बहनजीनं मी सांगतलं तेच लिवलं. चाळीसच खरे आहेत."

"विमल, असंच आहे?" बाईंनी विचारलं.

मी मान हलवली.

सत्यभामाबाईंनी अर्ज मैनाबाईला परत दिला. तिनं त्याची घडी केली आणि स्वयंपाकघरात गेली. अकरा वाजले होते, भात चढवायचा होता.

रविवारी मी कायम झाले. मला शरम वाटली, पण आनंदही झाला, आणि तो लपवत मी आठवडाभर फिरले. पुढे वर्षभर मी स्वतःची समजूत घालत होते की सांगू, बडी बहनजींचा राग उतरला की सांगू. चौसष्टला त्या बदली होऊन गेल्या. मग सांगायला कोणी उरलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. समिती होती, रजिस्टर होतं, पेन माझ्याच हातात होतं.

मैनाबाई दुपारची पाटी घेऊन पुन्हा कधी आली नाही. मी दोनदा बोलावलं. ती म्हणाली, काम आहे.

संस्था वाढत गेली. पासष्टला वारासिवनी रस्त्याला आपली इमारत झाली. बैहरच्या जंगलातून आदिवासी मुली जीपमधून येऊ लागल्या, घाबरलेल्या, पहिले चार दिवस न जेवणाऱ्या. त्यांना मैनाबाई आधी खाऊ घालायची, मग आम्ही शिकवायचो. मुली तिला मौसी म्हणायच्या. तिनं वाढलेलं खाऊन सव्वादोनशे बायका आठवी झाल्या. त्यांतल्या कितीतरी जणी तिच्यापेक्षा मठ्ठ होत्या, हे मी शिकवणारी म्हणून सांगते. मी बाहेरून मॅट्रिक केलं, बी. ए. केलं, उपप्राचार्य झाले. रोज तिच्याच हातचं जेवत होते. माझ्या पानात ती एक भाकरी नेहमीच जास्त टाकायची, आणि मी त्याचा अर्थ मला सोयीचा लावला होता. ती विसरली, तिनं मनावर घेतलं नाही, तिनं मला माफ केलं, असा.

गेल्या वर्षी, सत्त्याहत्तरला, कागदावर मैनाबाई पंचावन्न वर्षांची झाली. समितीच्या नियमाप्रमाणे निवृत्ती. प्रत्यक्षात ती पंचेचाळिशीची होती, भाताचं पातेलं एकटीनं उतरवत होती. आणखी दहा वर्षं तिची हक्काची होती. निवृत्तीचा आदेश माझ्या सहीनं निघायचा होता. सही करायच्या आधी मी तिला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हटलं, मी समितीला सगळं लिहून देते, वय दुरुस्त होईल.

तिनं विचारलं, "आता?"

मी म्हटलं, हो, आता. तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली की भावाचा मुलगा न्यायला येणार आहे, तिकडे घर आहे, आता या चुलीपाशी आणखी दहा वर्षं काढून तिला काय करायचं आहे? तिला हवं होतं ते या चुलीपाशी कधीच नव्हतं. असं ती बोलली, रागानं नाही, भाजी काय करायची ते सांगावं तशी.

मी सही केली.

निघायच्या दिवशी मी तिच्याबरोबर बसस्टँडवर गेले. राजेगावची बस उशिरा येणार होती. भाचा तिकीट काढायला गेला होता. आम्ही बाकावर बसलो होतो आणि माझ्या तोंडून एकदम बाहेर पडलं, की त्या दिवशी बाईंपुढे मी बोलायला हवं होतं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. बोलून झाल्यावर मी वाट पाहू लागले. ती म्हणेल, जाऊ द्या बहनजी, जुनी गोष्ट. मला खात्री होती.

तिनं माझ्याकडे बघितलं.

"हौ विमल," ती म्हणाली. "तुनं बोलाले पायजे होतं."

मग बस आली. भाच्यानं गाठोडं वर चढवलं, ती खिडकीपाशी बसली आणि बस सुटेपर्यंत तिनं माझ्याकडे बघितलं नाही.